महाविद्यालयाची निवड की निवासाची? : अमेरिकी उच्च शिक्षणातील पार्टी-संस्कृती आणि तिच्यापासून दूर राहू इच्छिणारा विद्यार्थी – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या कन्येस बारावीनंतर अमेरिकेतील दोन महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम, शुल्क, शिष्यवृत्ती, हवामान या सर्व बाबींची चौकशी त्या कुटुंबाने पूर्ण केली होती. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. प्रबंधाचा विषय अमेरिकेतील मद्यपाननिषेध चळवळीशी संबंधित असल्यामुळे एक उरलेला प्रश्न घेऊन ती मुलगी वडिलांसह माझ्याकडे आली. "सर, तिथे शुक्रवारी-शनिवारी रात्री सगळे पार्ट्यांना जातात म्हणे. मला ते मुळीच आवडत नाही. मग चार वर्षे मी खोलीत एकटीनेच बसायचे का?" असा तिचा सरळ प्रश्न होता. दोन महाविद्यालयांपैकी एक धर्मनिष्ठ व संयमी पंथाच्या लोकांनी स्थापन केलेले होते. त्या वारशाचा हवाला देऊन मी तेच महाविद्यालय निवडण्याचा सल्ला दिला. वर्षभराने तिचे पत्र आले. तिच्या मजल्यावर आठवड्यातील तीन रात्री पहाटेपर्यंत गोंगाट चालत असे आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीही तिला ग्रंथालयात आसरा घ्यावा लागला होता.

इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासाच्याच आधारे दिलेला सल्ला फसला, याची बोच मनात राहिली. संस्थेच्या स्थापनेचा इतिहास मला ठाऊक होता, परंतु संस्थेतील विद्यार्थ्यांच्या राहणीचा इतिहास मी पाहिला नव्हता. प्रस्तुत निबंध हा ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आहे.

हा प्रश्न आता एका कुटुंबापुरता राहिलेला नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ इतकी होती आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून प्रथम क्रमांक मिळविला. यांतील बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर वर्गांतील असले, तरी पदवीसाठी जाणाऱ्यांचा ओघही वाढलेला आहे. अशा विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याची वेळ आपणां सर्वांवर केव्हा ना केव्हा येते.

उद्दिष्टे व मर्यादा

१) अमेरिकी महाविद्यालयांतील मद्यपानकेंद्री समाजजीवनाची ऐतिहासिक कारणे शोधणे.
२) त्यास पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या संस्था व व्यवस्था यांचा आढावा घेणे.
३) या इतिहासातून महाविद्यालय-निवडीसाठी कोणते निकष हाती लागतात ते पाहणे.

मद्यपानाचा नैतिक वा वैद्यकीय ऊहापोह येथे अभिप्रेत नाही. ज्या विद्यार्थ्याला तो मार्ग नको आहे, त्याच्या दृष्टीने या इतिहासाकडे पाहिले आहे.

१. जेफरसनचे 'विद्याग्राम'

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी उतारवयात व्हर्जिनिया विद्यापीठ उभारले. मार्च १८२५ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. मध्यभागी हिरवळ, शिरोभागी ग्रंथालयाची घुमटाकार वास्तू आणि दोन्ही बाजूंना प्राध्यापकांची घरे व त्यांना लागून विद्यार्थ्यांच्या खोल्या, अशी या 'विद्याग्रामा'ची रचना होती. गुरू आणि शिष्य शेजारी राहिले म्हणजे कडक नियमांची गरज उरणार नाही, विद्यार्थी स्वतःच स्वतःवर नियंत्रण ठेवतील, अशी जेफरसन यांची श्रद्धा होती.

ती श्रद्धा सहा महिन्यांतच डळमळली. विद्यार्थी प्रामुख्याने दक्षिणेतील धनिक मळेवाल्यांचे पुत्र होते. मद्य, जुगार आणि पिस्तूल यांची त्यांना सवय होती. १८२५ च्या शरद ऋतूच्या प्रारंभी बुरखाधारी विद्यार्थ्यांनी हिरवळीवर धुमाकूळ घातला आणि आवरण्यास आलेल्या प्राध्यापकांवर हल्ला केला. त्यानंतर भरलेल्या सभेत ८२ वर्षांचे जेफरसन बोलण्यास उभे राहिले, परंतु भावनावेगामुळे त्यांना बोलता आले नाही. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांत त्यांच्या नात्यातील एक तरुणही होता. पुढे नोव्हेंबर १८४० मध्ये असाच दंगा शमविण्यास गेलेले विधिशास्त्राचे प्राध्यापक जॉन डेव्हिस एका बुरखाधारी विद्यार्थ्याच्या गोळीला बळी पडले. या धक्क्यानंतर १८४२ मध्ये तेथे 'सन्मान-प्रतिज्ञे'ची पद्धत सुरू झाली.

या प्रकरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली म्हणजे, पार्टी-संस्कृती ही विसाव्या शतकाची निर्मिती असल्याचा आपल्याकडील समज बरोबर नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संस्थापकाचा हेतू कितीही उदात्त असला, तरी कोणते विद्यार्थी एकत्र राहतात आणि रात्रीच्या वेळी त्यांच्यावर कोणाचे लक्ष असते, यावरच तेथील जीवन ठरते.

२. वादसभांकडून गुप्त मंडळांकडे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी महाविद्यालयांतील समाजजीवनाचे केंद्र साहित्य-वादसभा हे होते. प्रिन्स्टन येथे १७६९ व १७७० मध्ये स्थापन झालेल्या व्हिग व क्लिओसॉफिक या सभा त्यांपैकी प्रसिद्ध होत. वादविवाद, निबंधवाचन, वक्तृत्व आणि स्वतःचे ग्रंथालय अशी त्यांची कामे होती. ज्या विद्यार्थ्याला मेजवानीत रस नाही, त्यालाही तेथे मित्र मिळत व प्रतिष्ठा मिळे. आपल्याकडील जुन्या महाविद्यालयांतील वाङ्मय मंडळे व वक्तृत्वसभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या व्यवस्थेचे मोल सांगावयास नको.

१८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात 'काप्पा अल्फा' हे मंडळ निघाले आणि दोनच वर्षांत तेथेच आणखी दोन मंडळे स्थापन झाली. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या या गुप्त विद्यार्थिमंडळांना फ्रॅटर्निटी म्हणतात. वादसभेचे दार बव्हंशी सर्वांस खुले असे, तर फ्रॅटर्निटीत निवडक मुलांनाच प्रवेश मिळे. सभेचा हेतू वक्तृत्व हा होता, मंडळाचा हेतू सहवास हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी वादसभा क्षीण झाल्या आणि फ्रॅटर्निटी बलवान झाल्या.

असे का घडले? याचे एक महत्त्वाचे कारण निवासव्यवस्थेत सापडते. मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष हेन्री टॅपन (कार्यकाल १८५२ ते १८६३) यांच्यावर जर्मन विद्यापीठांचा प्रभाव होता. विद्यापीठाचे काम अध्यापन व संशोधन हे असून विद्यार्थ्यांना राहण्यास जागा देणे नव्हे, असे त्यांचे मत होते. त्यांनी वसतिगृहाच्या खोल्यांचे वर्गांत रूपांतर केले. विद्यार्थी गावातील खाणावळींत व भाड्याच्या खोल्यांत पांगले. ही पोकळी फ्रॅटर्निटींनी स्वतःची घरे बांधून भरून काढली. संस्थेने जेवण व निवास यांची जबाबदारी सोडली आणि ती या मंडळांकडे गेली. ज्याच्या हाती जेवणघर व शयनगृह असते, त्याच्याच हाती विद्यार्थ्याची संध्याकाळ असते. पार्टी-संस्कृतीचे मूळ मद्याच्या ओढीइतकेच या प्रशासकीय निर्णयांतही आहे.

ही सत्ता परत मिळविण्याचे प्रयत्नही झाले. प्रिन्स्टनचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९०७ मध्ये तेथील श्रीमंती भोजनमंडळांच्या जागी सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांना एकत्र राहता-जेवता येईल अशी चौकवजा निवासांची योजना मांडली. माजी विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे ती बारगळली. पुढे एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थाच्या देणगीतून हार्वर्ड येथे १९३० पासून आणि येल येथे १९३३ पासून अशीच निवासगृहे सुरू झाली. विल्यम्स कॉलेजने १९६२ मध्ये फ्रॅटर्निटींच्या हातून निवास व भोजन काढून घेण्याचा निर्णय केला आणि १९९७ मध्ये बोडन कॉलेजच्या विश्वस्तांनी त्या मोडीत काढण्याचे ठरविले. या सर्व प्रयत्नांत वादाचा मुद्दा एकच होता, तो म्हणजे विद्यार्थी कोठे व कोणाबरोबर राहतो.

३. संयमाच्या वसाहती

या प्रवाहास समांतर असा दुसरा प्रवाह धार्मिक व सुधारणावादी महाविद्यालयांचा होता. ओहायो राज्यातील ओबर्लिन (स्थापना १८३३) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथे मद्य व तंबाखू यांना बंदी होती. आहाराविषयीचे प्रयोगही झाले. १८३५ मध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचा ठराव तेथे झाला आणि १८३७ मध्ये स्त्रियांना पुरुषांबरोबर पदवीवर्गात घेण्यात आले. १८९३ मध्ये मद्यगृहविरोधी संघाचा आरंभ याच गावी झाला आणि देशव्यापी मद्यबंदीच्या (१९२० ते १९३३) मागे या संघाची मोठी शक्ती होती. येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ओबर्लिनमधील संयम हा निव्वळ निषेध नव्हता. गुलामगिरीचा विरोध, स्त्रीशिक्षण, शारीरिक श्रम यांनी विद्यार्थ्याचा दिवस भरलेला होता. पार्टीची उणीव भासू नये इतके काम त्याच्यापाशी होते.

क्वेकर पंथीयांनी पेनसिल्व्हेनियात हॅवरफर्ड (१८३३) व स्वार्थमोर (१८६४) ही महाविद्यालये काढली. हॅवरफर्डमध्ये फ्रॅटर्निटी रुजल्या नाहीत आणि विद्यार्थ्यांनीच चालविलेली सन्मानसंहिता हे तेथील वैशिष्ट्य बनले. स्वार्थमोरमध्ये मात्र, तोच पंथ संस्थापक असूनही, फ्रॅटर्निटी दीर्घकाळ टिकल्या. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०१९ मध्ये त्या विसर्जित झाल्या. इलिनॉय राज्यातील व्हीटन कॉलेज (१८६०) हे गुप्त मंडळांचे कट्टर विरोधक होते. विद्यार्थ्यांना नृत्याची मोकळीक तेथे २००३ मध्ये मिळाली. युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ (मूळ संस्था १८७५) हे मॉर्मन पंथाचे असून तेथील सन्मानसंहितेनुसार मद्य, तंबाखू, इतकेच नव्हे तर चहा-कॉफीही वर्ज्य आहे.

मग पार्टी न आवडणाऱ्या विद्यार्थ्याने अशा संस्थेत जावे, एवढ्यावर प्रश्न का सुटत नाही? याची दोन कारणे आहेत. एक तर, शंभर-दीडशे वर्षांत संस्थांचे स्वरूप बदलते. ओबर्लिन व क्वेकर महाविद्यालये पुढे धर्मनिरपेक्ष वळणाची झाली आणि संस्थापकांचे नियम इतिहासजमा झाले. माझा सल्ला नेमका येथेच चुकला होता. दुसरे असे की, जेथे जुने नियम अद्याप पाळले जातात तेथे ते एका श्रद्धेचा भाग म्हणून पाळले जातात. मद्य नको म्हणणारा विद्यार्थी त्या पंथाचे पोशाख, वर्तन व उपासना यांविषयीचे सर्व नियम स्वीकारण्यास तयार असेलच असे नाही. त्याला शांतता हवी असते, दीक्षा नव्हे.

४. दोन मराठी विद्यार्थी

निवासाचा प्रश्न महाराष्ट्रातून अमेरिकेस गेलेल्या आरंभीच्या विद्यार्थ्यांनाही भेडसावला होता. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यांनी निवडलेले पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये क्वेकर सुधारकांच्या पुढाकाराने निघाले होते. आहार व पोशाख न बदलण्याचा त्यांचा निर्धार होता. महाविद्यालय सुरू होण्यापूर्वीचे महिने त्यांनी न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात काढले. थिओडोशिया कार्पेंटर यांना त्या मावशी म्हणत. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांचाही त्यांना मोठा आधार लाभला. परक्या देशात स्वतःची राहणी सांभाळून त्या मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, त्यामागे या मायेच्या माणसांचा वाटा मोठा आहे.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रारंभी ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील गोमांसयुक्त जेवण न रुचल्यामुळे थोड्याच दिवसांत ते भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. भथेना त्यांचे जन्माचे स्नेही ठरले. बाबासाहेबांचा प्रश्न पार्टीचा नव्हता, जेवणाचा होता. तथापि त्यांनी काढलेला मार्ग या निबंधाच्या दृष्टीने बोलका आहे. विद्यापीठ तेच राहिले, निवास बदलला आणि अध्ययनास अनुकूल सोबती मिळाला. ग्रंथालयात तासन् तास बसून १९१५ मध्ये एम.ए. झालेला हा विद्यार्थी पुढे काय झाला, हे सर्वविदित आहे.

५. पालकत्वाचा अस्त व वयोमर्यादेचा उदय

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी कायद्याने महाविद्यालयास पालकाचे स्थान दिलेले होते. १९१३ मधील 'गॉट विरुद्ध बेरिया कॉलेज' या खटल्यात केंटकीच्या न्यायालयाने महाविद्यालय विद्यार्थ्यांना गावातील उपाहारगृहात जाण्यासही मनाई करू शकते, असे मानले. वसतिगृहात परतण्याची वेळ, पाहुण्यांची नोंद, मुलींवर विशेष निर्बंध, या सर्व गोष्टी या तत्त्वातून आल्या होत्या.

हे तत्त्व कोसळले ते एका न्याय्य लढ्यातून. अलाबामातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९६० मध्ये वर्णभेदी उपाहारगृहाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यांच्या शासकीय महाविद्यालयाने काहींना सुनावणीविना काढून टाकले. 'डिक्सन विरुद्ध अलाबामा' या खटल्यात १९६१ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ही कारवाई घटनाबाह्य ठरविली. विद्यार्थी हा नागरिक आहे, पाल्य नव्हे, हा विचार त्यानंतर रुजला. १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ झाले आणि अनेक राज्यांनी मद्यपानाची वयोमर्यादाही खाली आणली. महाविद्यालयाने दिलेल्या देखरेखीचा भार याच सुमारास हलका झाला. १९७९ च्या 'ब्रॅडशॉ विरुद्ध रॉलिंग्स' या निकालात, वर्गाच्या सहलीतील मद्यपानानंतर झालेल्या अपघाताची जबाबदारी महाविद्यालयावर टाकण्यास न्यायालयाने नकार दिला. त्याआधीच्या वर्षी, १९७८ मध्ये, 'अॅनिमल हाउस' या विनोदी चित्रपटाने फ्रॅटर्निटीतील धिंगाणा घरोघर पोहोचविला होता.

पुढे वारे फिरले. मद्यपी चालकांच्या अपघातांत मुले गमावलेल्या मातांच्या चळवळीने १९८० पासून जोर धरला आणि १७ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी किमान वयोमर्यादेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. २१ वर्षांची अट न पाळणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची त्यात तरतूद होती. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ती मान्य केली. रस्त्यांवरील मृत्यू कमी होण्यास या कायद्याची मदत झाली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. परंतु पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी २१ वर्षांखालील असल्याने त्यांचे मद्यपान शिक्षकांच्या नजरेसमोरील समारंभांतून खाजगी घरांत, फ्रॅटर्निटींच्या तळघरांत आणि वसतिगृहाच्या बंद दारांआड गेले. जो विद्यार्थी पीत नाही, त्याची ही अडचण विशेष आहे. पूर्वी पार्टी दुसरीकडे असे, आता ती शेजारच्या खोलीत आली.

६. मोजमाप आणि गैरसमज

१९८७ मध्ये 'प्लेबॉय' मासिकाने 'पार्टी कॉलेजां'ची यादी छापली. पुढे 'प्रिन्स्टन रिव्ह्यू' या मार्गदर्शक प्रकाशनाने (याचा प्रिन्स्टन विद्यापीठाशी संबंध नाही) दरवर्षी अशी यादी देण्यास प्रारंभ केला. त्याच्याच विरुद्ध टोकाच्या संयमी संस्थांच्या यादीत ब्रिगहॅम यंग विद्यापीठ वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिले. या याद्या विद्यार्थ्यांच्या मतांवर बेतलेल्या असतात आणि तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठास एकच शिक्का मारतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २००२ मध्ये अशा यादीस आक्षेप घेतला होता.

अधिक विश्वसनीय चित्र हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील हेन्री वेक्सलर यांच्या पाहणीत मिळते. १९९३ मध्ये १४० महाविद्यालयांतील १७,५९२ विद्यार्थ्यांची माहिती त्यांनी गोळा केली. मागील दोन आठवड्यांत एका बैठकीत मुलांनी पाच वा अधिक आणि मुलींनी चार वा अधिक पेले घेतले असल्यास त्यास अतिपान मानले. असे विद्यार्थी ४४ टक्के निघाले. या आकड्याने देशभर खळबळ उडाली. परंतु तोच आकडा उलट बाजूने वाचला तर ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक विद्यार्थी अतिपान करीत नव्हते आणि सुमारे सहामध्ये एकाने वर्षभरात मद्याला स्पर्शही केला नव्हता. या पाहणीचे दुसरे मोल असे की, न पिणाऱ्यांना होणारा उपद्रव तिने प्रथमच व्यवस्थित मोजला. झोपमोड, अभ्यासात खंड, अपमान, नासधूस, आजारी सोबत्याची शुश्रूषा या गोष्टी तोपर्यंत तक्रारी मानल्या जात, येथून पुढे त्यांना पुराव्याचा दर्जा मिळाला.

याच संदर्भात वेस्ली पर्किन्स व अॅलन बर्कोविट्झ यांचा १९८६ मधील अभ्यास लक्षणीय आहे. आपले सहाध्यायी प्रत्यक्षात पितात त्याहून कितीतरी अधिक पितात, असा विद्यार्थ्यांचा सार्वत्रिक समज असल्याचे त्यांना आढळले. पार्टीचा आवाज मोठा असतो, अभ्यास करीत बसलेल्या शंभर खोल्यांचा आवाज येत नाही. त्यामुळे न पिणारा प्रत्येक जण स्वतःस एकटा समजतो. 'खोलीत एकटीनेच बसायचे का?' या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. ती एकटी नसते, परंतु तिच्यासारख्या इतरांची तिला गाठ पडत नाही.

७. मद्यमुक्त निवासाची वाटचाल

ही गाठ घालून देणारी व्यवस्था १९८० च्या दशकात आकारास आली. १९८८ मध्ये रटगर्स विद्यापीठाने व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र निवास सुरू केला. १९८९ मध्ये मिशिगन विद्यापीठाने ज्यांना कधी व्यसन नव्हते, परंतु मद्य व धूर यांपासून दूर राहावयाचे होते, अशा सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी मद्यमुक्त खोल्या उपलब्ध केल्या. ज्या विद्यापीठाने सव्वाशे वर्षांपूर्वी वसतिगृहे बंद करून फ्रॅटर्निटींना वाट मोकळी करून दिली होती, त्यानेच हे पाऊल उचलावे, हा इतिहासातील अर्थपूर्ण योगायोग म्हणावा लागेल. पुढे अनेक संस्थांनी ही पद्धत स्वीकारली. अशा निवासांत राहणाऱ्यांना इतरांच्या मद्यपानाचा उपद्रव कमी होतो, असे वेक्सलर यांच्या पुढील अभ्यासात दिसून आले. विशेष म्हणजे या निवासांना कोणत्याही पंथाची अट नसते. श्रद्धा कोणतीही असो, रात्री झोप हवी एवढे कारण पुरेसे असते.

नियम मात्र सर्वत्र सारखे नाहीत. काही ठिकाणी केवळ त्या इमारतीत मद्य आणण्यास मनाई असते, तर काही ठिकाणी बाहेरून पिऊन येण्यासही मनाई असते व तशी लेखी हमी घेतली जाते. नावावरून हा भेद कळत नाही.

८. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून मार्गदर्शक शिक्षकास पुढील प्रश्न सुचविता येतील.

अ) मद्यमुक्त निवास आहे काय, त्याचा नियम नेमका कोणता आणि पहिल्याच वर्षी तेथे जागा मिळते काय?
आ) किती विद्यार्थी फ्रॅटर्निटींचे सदस्य आहेत आणि त्यांची स्वतंत्र घरे आहेत काय? हे प्रमाण जितके मोठे, तितकी संध्याकाळ त्यांच्या ताब्यात असते.
इ) शनिवारी रात्री ग्रंथालय, प्रयोगशाळा, नाट्यगृह, क्रीडागृह यांपैकी काय उघडे असते? जुन्या वादसभांची जागा आज कोणी घेतली आहे?
ई) शुक्रवारी सकाळी वर्ग असतात काय? मिसुरी विद्यापीठातील २००७ च्या एका अभ्यासात शुक्रवारी वर्ग नसलेले विद्यार्थी गुरुवारी रात्री अधिक पितात असे आढळले.
उ) महाविद्यालयाचा वार्षिक सुरक्षा अहवाल काय सांगतो? १९९० च्या कायद्यानुसार तो प्रसिद्ध करणे बंधनकारक असून त्यात मद्यविषयक नियमभंगाच्या कारवाया नोंदविलेल्या असतात. येथे सावधगिरी हवी. मोठा आकडा हा शिथिलतेचा नव्हे, तर दक्षतेचाही पुरावा असू शकतो.

संस्थेची माहितीपुस्तिका या प्रश्नांना क्वचितच उत्तरे देते. निवास-कार्यालयास पत्र लिहिल्यास आणि तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलल्यास ती मिळतात.

निष्कर्ष

१) अमेरिकी महाविद्यालयांतील पार्टी-संस्कृती ही केवळ तरुणांच्या स्वभावाची परिणती नसून निवास व भोजन यांविषयीच्या संस्थात्मक निर्णयांतून घडलेली आहे.
२) संस्थापकांचा संयमी वारसा ही वर्तमानाची हमी ठरत नाही.
३) न पिणारे विद्यार्थी प्रत्येक मोठ्या संस्थेत पुरेशा संख्येने असतात. त्यांना एकत्र आणणारी जागा आहे की नाही, हाच निर्णायक मुद्दा होय.
४) म्हणून अशा विद्यार्थ्याने महाविद्यालयाइतकीच, किंबहुना अधिक काळजीने, निवासाची निवड करावी.

आपल्या वसतिगृहांसही हे लागू आहे. प्रवेशाच्या वेळी आपण पालकांना निकालाचे तक्ते दाखवितो, वसतिगृहाची रात्र दाखवीत नाही. शांतपणे राहू इच्छिणाऱ्या मुलास 'सांभाळून घे' एवढाच उपदेश करून आपण मोकळे होतो. त्याला सोबती मिळवून देणारी जागा निर्माण करणे हे संस्थेचे काम आहे, त्याच्या एकट्याच्या मनोनिग्रहाचे नव्हे.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने पुढे महाविद्यालय बदलले नाही. दुसऱ्या वर्षी तिने त्याच आवारातील मद्यमुक्त इमारतीत खोली मागून घेतली. तिच्या मजल्यावर सव्वीस जण होते आणि शनिवारी रात्री ते मिळून स्वयंपाक करीत, असे तिने कळविले. त्या इमारतीची चौकशी मी पहिल्याच वेळी करावयास हवी होती.